महाशीर मत्स्याची बंदिस्त पैदास व त्याच्या नांवाचा घोळ

कल्याणीच्या चालुक्य वंशांतील तिसरा सोमेश्वर यानें रचलेल्या मानसोल्लास ऊर्फ अभिलषितार्थचिंतामणि या ग्रंथाच्या चौथ्या विंशतींत मत्स्यविनोद नांवाचा एक अध्याय आहे. ग्रंथांत शके १०५१ (इ. स. ११२९) हा काल नमूद असल्यामुळें त्याच्या रचनाकालाविषयीं फारसा वाद उरत नाहीं. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत १९२५ ते १९६१ या अवधींत त्याचे तीन भाग प्रसिद्ध झाले, आणि प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनीं १९५१ सालीं मत्स्यविनोदावर स्वतंत्र निबंध लिहून त्यांतील माशांची ओळख पटविण्याचा प्रयत्न केला. अध्यायांत मासे समुद्रांतील व नद्यांतील, खवल्यांचे व बिनखवल्यांचे, थोर, मध्यम व लहान असे वेगळे काढले आहेत. कोणत्या जातीस कोणतें खाद्य रुचतें, तें टाकून मासे एका जागीं कसे आणावे, दोरी कशाची वळावी, गळ कसा असावा, हें सारें अशा तपशिलानें सांगितलें आहे कीं, ग्रंथकार स्वतः कांठावर बसून गळ टाकीत असावा याविषयीं वाचणारास शंका राहत नाहीं.

इतकें बारीक निरीक्षण करणाऱ्या या राजानें एका गोष्टीस मात्र, आमच्या वाचनाप्रमाणें, स्पर्शही केलेला नाहीं. थोर मासा अंडीं कोठें व केव्हां घालतो, आणि आपल्या पुष्करिणींत त्याची वीण वाढवितां येईल काय, हा प्रश्न त्याच्या मनांत आलेला दिसत नाहीं. मासा नदींत उत्पन्न व्हावयाचा. माणसानें त्यास चारा घालावयाचा, खेळवावयाचा आणि धरावयाचा. याच ग्रंथांत हत्तींविषयीं जो मजकूर आहे त्यांतही रानांतून हत्ती धरून कसे आणावे याचाच विचार प्रमुख आहे. थोर प्राणी पाळतां येतो, परंतु त्याची प्रजा अरण्यानें किंवा नदीनेंच द्यावयाची, ही समजूत फार जुनी आहे, आणि ती निराधारही नव्हती. माशांच्या बाबतींत ती कां खरी होती, कशी मोडली, आणि ती मोडल्यावर नांवें नीट न लावल्यामुळें कोणता अनर्थ ओढवला, एवढें या लेखांत सांगावयाचें आहे. विषय मत्स्यव्यवसायाचा दिसला तरी त्याचा शेवट आपल्याच प्रांतांत, म्हणजे शब्दार्थनिर्णयांत होतो. म्हणून या त्रैमासिकांत त्यास जागा मागण्याचें धाडस आम्हीं केलें आहे.

माशांस अभय देण्याची चाल आपल्या देशांत सोमेश्वराहून पुष्कळ जुनी. अशोकानें राज्याभिषेकाच्या सव्विसाव्या वर्षीं कोरविलेल्या पांचव्या स्तंभलेखांत कांहीं जातींचे मासे अवध्य ठरविले आहेत, आणि ठराविक तिथींस मासे मारूं नयेत व विकूंही नयेत असें बजाविलें आहे. पुढें हेंच काम तीर्थक्षेत्रांनीं केलें. महाड तालुक्यांत काळ नदीवर वाळणकोंड म्हणून स्थान आहे, वाडें तालुक्यांत वैतरणेवर तिळसें आहे, आणि कर्नाटकांत तुंगेवर शृंगेरी आहे. या ठिकाणीं महाशीर जातीचे मासे देवाचे म्हणून राखले जातात, आणि यात्रेकरूनें मूठभर चुरमुरे टाकले कीं हात-हात लांबीचे मासे पायरीशीं येतात. कोंकणांत नदीच्या खोल डोहास कोंड म्हणतात हें वाचकांस ठाऊक आहेच. या चालीचें मर्म असें कीं, फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत नदी आटून तिचे सुटे डोह राहतात आणि सर्व वाढलेले मासे त्यांत कोंडले जातात. तेवढे महिने त्यांस कोणी धरलें नाहीं तर पावसाळ्यांत ते वर चढून अंडीं घालतात. देवानें आईबापांचें रक्षण करावयाचें, बाळंतपण नदीनें करावयाचें, अशी ही वांटणी होती. ती शेंकडों वर्षें पुरली, कारण तोंवर नद्या वाहत्या होत्या.

आतां तळ्यांत वीण कां होत नाहीं तें पाहूं. रोहू, कटला, मृगळ हे मासे तळ्यांत सोडले तर उत्तम वाढतात. मादीच्या पोटांत अंडींही भरतात. परंतु तीं शेवटच्या पायरीवर येऊन थांबतात, आणि पावसाळा सरला म्हणजे पोटांतल्या पोटांत जिरून जातात. अंडें पूर्ण पिकून बाहेर पडण्यास माशाच्या मेंदूखालीं असलेल्या पीयूषिका नांवाच्या लहानशा ग्रंथीचा स्राव रक्तांत उतरावा लागतो. तो केव्हां उतरावा याची खूण पाण्याकडून मिळते. पहिल्या पुराचें गार, गढूळ, ओढाळ पाणी अंगावर आलें, उथळ चराईच्या जागा पाण्याखालीं गेल्या, म्हणजे माशास कळतें कीं आतां पिलांस खाद्य व आसरा दोन्ही मिळतील. निवांत तळ्यांत ही खूण कधींच मिळत नाहीं. मासा जेवढा थोर व जेवढा दूर प्रवास करणारा, तेवढी ही अडचण अधिक. त्यांतून थोर माशास वयांत येण्यासच वर्षानुवर्षें लागतात. तोंवर त्याला पोसणारें तळें मोठें हवें आणि पोसणाराचा धीर त्याहून मोठा हवा.

बंगालच्या बांकुरा व मेदिनीपूर भागांतील लोकांनीं या अडचणीवर एक तोड काढली होती. उतरत्या माळाच्या पायथ्याशीं बांध घालून ते असे तलाव करीत कीं, जोराचा पाऊस पडला म्हणजे वरचें पाणी लोटानें आंत यावें. माशास तोच नदीचा पूर वाटे आणि तो तेथेंच अंडीं घाली. ज्या कोणी हें प्रथम केलें त्याचें नांव उरलें नाहीं, ग्रंथही नाहीं. बाकी सर्वत्र पुराच्या पाण्यांतून जाळ्यानें मत्स्यजिरे गाळून आणावे, आणि त्यांत हव्या त्या माशाबरोबर त्यास खाणाऱ्या माशाचींही पिलें येतील तीं निमूट पोसावीं, असा प्रघात होता. ब्राझीलमध्यें १९३० नंतरच्या दशकांत एका माशाची पीयूषिका ग्रंथि काढून तिचा अर्क दुसऱ्या माशास टोंचण्याचा प्रयोग यशस्वी झाला. आपल्याकडे कटक येथें हिरालाल चौधरी यांनीं १० जुलै १९५७ रोजीं याच उपायानें थोर भारतीय माशांची बंदिस्त जागेंत वीण करविली. संध्याकाळीं सुई टोंचावी आणि पहांटे कापडी हौद्यांत लाखो अंडीं तरंगत असावीं! पुराची जी खूण तळ्यांत मिळत नव्हती ती माणसानें सुईनें पोंचविली. १० जुलै हा दिवस मत्स्यशेतकऱ्यांचा दिवस म्हणून पाळला जातो.

परदेशांतील दोनच उदाहरणें देऊन पुढें जाऊं. मेकाँग नदींत मिशाळ, बिनखवल्यांच्या गोत्रांतला एक प्रचंड मासा आहे. २००५ सालीं उत्तर थायलंडांत धरलेला एक मासा २९३ किलोग्रॅम भरला होता. थायलंडच्या मत्स्यखात्यानें १९८३ सालीं नदींत धरलेल्या माशांपासून अंडीं मिळवून त्याचीं पिलें केलीं, आणि नदींत तो दुर्मिळ झाला असतां तळ्यांत त्याचा वंश आजही टिकून आहे. चीनच्या यांगत्से नदींत वल्ह्यासारख्या लांब तुंडाचा दुसरा एक थोर मासा होता. १९८१ सालीं एका धरणानें त्याची वरची वाट बंद केली, बंदिवासांत त्याची वीण कधींच साधली नाहीं, २००३ नंतर तो कोणास दिसला नाहीं, आणि २०२२ सालीं तो समूळ नष्ट झाल्याचें जाहीर झालें. वेळीं साधलें तर काय होतें आणि न साधलें तर काय होतें, हें या दोन नद्यांनीं दाखविलें आहे.

महाशीराची गोष्ट आपल्या अगदीं घरची आहे. लोणावळ्याजवळ इंद्रायणीच्या खोऱ्यांत वीज उत्पन्न करण्यासाठीं टाटा कंपनीनें बांधलेलें वळवणचें धरण १९१६ सालीं पुरें झालें. त्या जलाशयांत महाशीर होता, आणि पावसाळ्यांत जेथें ओढे तलावास मिळतात तेथें तो वर येण्याची धडपड करी. १९७० च्या सुमारास कंपनीनें तेथें मत्स्यबीज केंद्र काढलें. महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे संचालक राहिलेले चं. वि. कुलकर्णी यांनीं १९७१ सालीं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत दख्खनच्या महाशीराची वीण, अंडीं व पिलांची वाढ यांवर निबंध प्रसिद्ध केला, आणि पुढें ओगले यांच्यासह हें काम नेटानें चालविलें.

आम्ही एका श्रावणांत हें काम पाहावयास गेलों होतों. छत्री सांभाळावी कीं चष्मा, असा पाऊस होता. रीति दिसण्यांत सोपी आहे. ओढ्याच्या मुखाशीं आलेली पिकलेली मादी धरून तिच्या पोटावरून हात हलकेच मागें फिरविला कीं अंडीं कोरड्या थाळ्यांत पडतात. त्यांवर नराचें वीर्य तसेंच पिळून पक्ष्याच्या पिसानें मिसळतात आणि मग पाणी घालतात. आधीं पाणी घातलें तर वीर्याचें बळ अल्पावधींत संपतें, म्हणून हा कोरडेपणा. अंडें पिवळ्या ज्वारीच्या दाण्याएवढें, सोनेरी, जड. तें रोहूच्या अंड्यासारखें तरंगत नाहीं, तळाशीं बसतें. वाहत्या पाण्याच्या तबकांत तें ठेवलें तर साठ ते ऐंशी तासांनीं फुटतें, तर रोहूचें अंडें एका दिवसाच्या आंतच फुटतें. रोहूची मादी वजनाच्या प्रत्येक किलोग्रॅमामागें लाख-दोन लाख अंडीं देते, महाशीराची मादी कांहीं हजारच देते. पण तें अंडें बलक भरपूर घेऊन येतें. फुटून निघालेलें पिलूं कित्येक दिवस पोटाशीं बलकाची पिशवी घेऊन पडून असतें, आणि उजेड नको म्हणून तबकाच्या कोंपऱ्यांत डोकें खुपसून राहतें. ओल्या कापसाच्या थरांत हीं अंडीं पाण्यावांचून कित्येक तास जिवंत राहतात असें या कार्यकर्त्यांस आढळलें. त्यामुळें अंडीं दूरच्या प्रांतीं पाठविणें सोपें झालें. पुढील काळांत येथें पीयूषिकेच्या अर्काचाही उपयोग झाला, आणि लोणावळ्याचीं बोटुकलीं निरनिराळ्या राज्यांतील नद्यांत व तलावांत पोंचलीं.

येथवर सर्व शुभ आहे. आतां नांवांकडे वळूं.

मुंबई सरकारसाठीं दख्खनची पाहणी करणारा कर्नल सायक्स यानें १८३९ सालीं येथल्या माशांचीं वर्णनें प्रसिद्ध केलीं. पुण्याच्या पूर्वेस मुळामुठेंत मिळालेल्या एका माशास त्यानें खुद्री म्हटलें, आणि शिरूरपाशीं घोड नदींत मिळालेल्या दुसऱ्यास मुसुल्ला. त्यानें दिलेलीं पुष्कळ नांवें येथल्या लोकांच्या तोंडचींच, रोमन लिपींत उतरविलेलीं आहेत. वळवणचा महाशीर तो हाच खुद्री. मुसुल्ल्याचा मूळ नमुना मात्र कोठेंही जपून ठेवलेला नाहीं. म्हणजे मूळ पोथी हरवली आणि तिचें त्रोटक वर्णन तेवढें हातीं राहिलें, अशी स्थिति झाली. कावेरींत महाशीराची एक वेगळीच, पाठीवर उंचवटा असलेली व शेंदरी परांची जात आहे. १९४६ सालीं काबिनी नदींत गळास लागलेला तिचा एक मासा १२० पौंड, म्हणजे सुमारें ५४ किलोग्रॅम, भरला होता. या माशास स्वतःचें शास्त्रीय नांव नसल्यामुळें सायक्सचें मुसुल्ला हें नांव पुढच्या लेखकांनीं त्यास चिकटविलें. कृष्णेच्या खोऱ्यांतलें नांव कावेरींत गेलें, आणि एकानें लिहिलें म्हणून दुसऱ्यानें लिहिलें. सायक्सचें वर्णन पुन्हां मुळापासून वाचून, मुसुल्ला हा महाशीरच नव्हे, तो निराळ्या कुळांतला मासा आहे, असें कांहीं संशोधकांनीं गेल्या दशकांत दाखविलें.

हा केवळ कोशांतला घोळ असता तर त्यासाठीं एवढी शाई खर्च केली नसती. १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून लोणावळ्याच्या खुद्रीचीं बोटुकलीं कावेरींत सोडण्यांत येऊं लागलीं. महाशीर कमी झाला आहे, महाशीर सोडावा, असा सरळ विचार होता. आणि करणारांचा हेतु निःसंशय चांगला होता. परंतु महाशीर हें एका माशाचें नांव नव्हे, एका कुळाचें आहे. कृष्णेकडचा निळसर परांचा खुद्री कावेरींत फोफावला. १९९८ ते २०१२ या काळांत कावेरीच्या कांठच्या गळकऱ्यांच्या तळांवर, धरून पुन्हां सोडलेल्या माशांच्या ज्या नोंदी ठेवल्या गेल्या त्या पुढें तपासल्या असतां असें दिसलें कीं, निळ्या परांचे मासे वाढत गेले आणि उंचवट्याच्या माशांत लहान वयाचे मासे जवळजवळ दिसेनासे झाले. जे मिळत ते म्हातारे व प्रचंड. ही गोष्ट २०१५ सालीं प्रसिद्ध झाली. धरणें, सुरुंगानें मासे मारणें, उन्हाळ्यांत नदीचें पाणी उपसणें हीं कारणेंही आहेतच. तरी बाहेरच्या खुद्रीकडे संशोधकांनीं मुख्यत्वें बोट दाखविलें आहे. यापुढची गोष्ट अधिक चमत्कारिक. केरळांतील पांबार नदींतल्या लहान माशांवरून २००७ सालीं रेमादेवी या नांवानें एक जात वर्णिली गेली होती; कावेरीचा उंचवट्याचा थोर महाशीर तो हाच, असें २०१८ सालीं सिद्ध झालें. तोंवर त्या माशाची नामशेष होत चाललेल्या प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय यादींत नोंद होऊं शकत नव्हती, कारण ज्यास नांव नाहीं त्याची नोंद कशी करावी? २०१८ च्या मूल्यमापनांत रेमादेवी अत्यंत संकटग्रस्त ठरला, आणि खुद्री संकटग्रस्तांतून निघून निर्धास्त वर्गांत गेला.

जुन्या पोथ्या चाळणारांस हा प्रकार नवा वाटूं नये. एका घराण्याची प्रत सुबोध अक्षराची म्हणून तिच्या शेंकडों नकला झाल्या, त्या दूरच्या मठांतही गेल्या, आणि तेथें जी निराळ्या परंपरेची जीर्ण पोथी होती ती आतां कशाला हवी म्हणून गाठोड्यांत पडून कसरीनें खाल्ली, असें आपण किती वेळां पाहिलें आहे! नकलकाराचा दोष एवढाच कीं दोन्ही पोथ्यांच्या मुखपृष्ठावर एकच नांव होतें. वळवणच्या कारागिरीस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. तिच्यामुळेंच इंद्रायणी व मुळा यांचा मासा टिकला, आणि उद्यां रेमादेवीची वीण साधावयाची झाली तरी कोरडा थाळा, पीस व वाहतें तबक हींच साधनें वापरावीं लागतील. मात्र मादी कोणत्या नदीची, नर कोणत्या नदीचा, आणि पिलें कोणत्या पाण्यांत सोडावयाचीं, हें आधीं लिहून ठेवावें लागेल.

आमचीही एक चूक येथें नमूद करणें प्राप्त आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत श्राद्धप्रकरणीं महाशल्क हा शब्द येतो. महाशीराचे खवले तळहाताएवढे मोठे असतात. तेव्हां महाशल्क म्हणजेच महाशीर, असें आम्हीं पुष्कळ वर्षांपूर्वीं आमच्या प्रतीच्या समासांत पेन्सिलीनें लिहून ठेवलें होतें आणि वर्गांतही निर्धास्तपणें सांगितलें होतें. टीकाकारांत त्या शब्दाविषयीं एकमत नाहीं, हें माहीत असूनही सांगितलें. महाशीर या नांवाचीच व्युत्पत्ति कोणी महाशिरस् यापासून लावतात, कोणी फारशी माही म्हणजे मासा आणि शेर म्हणजे सिंह यांपासून. ध्वनीच्या साम्यावर या तिघांतून निवड करणें म्हणजे मुसुल्ल्यास कावेरींत नेऊन सोडण्यासारखेंच आहे. समासांतली ओळ आम्हीं खोडली आहे. ज्या विद्यार्थ्यांनीं ती उतरून घेतली असेल त्यांनींही खोडावी.

मत्स्यविनोदांतील थोर माशांचीं नांवें कोणत्या नदीच्या माशांस लावावयाचीं, हा प्रश्नही यामुळें पुन्हां उघडावा लागेल. कल्याणी हें राजधानीचें ठिकाण गोदावरीच्या खोऱ्यांत, आणि सोमेश्वराचें राज्य कृष्णेच्या दोन्ही तीरांवर. तेव्हां त्याच्या यादीचा अर्थ बंगालच्या माशांवरून लावण्यापेक्षां येथल्या डोहांतल्या माशांवरून लावणें अधिक सयुक्तिक दिसतें. त्या कामीं संग्राहकांचें साहाय्य हवें आहे. ज्यांच्या संग्रहीं देवस्थानांच्या सनदा, डोहांत मासे मारण्यास मनाई करणारीं पत्रें, किंवा वैद्यकाच्या बाडांत माशांच्या मांसाचे गुणदोष सांगणारीं प्रकरणें असतील, त्यांनीं त्यांतील माशांचीं नांवें, मोडींत असल्यास मोडींतल्याच अक्षरांनीं, गांवाच्या व नदीच्या नांवासह उतरून पाठवावीं. नदीचें नांव नसेल तेथें तें अंदाजानें घालूं नये. जागा कोरी सोडावी.